सिक्युरिटी चेक नावाची सर्व्हिस: वीस वर्षं वापरल्यावरचा रिव्ह्यू

एअरपोर्टवर सिक्युरिटी चेक संपवून बाहेर पडताना काही ठिकाणी एक मशीन उभं असतं बघा, चार चेहरे असलेलं, हिरव्या हसऱ्यापासून लालबुंद चिडलेल्यापर्यंत, आणि वर लिहिलेलं असतं की आजचा सिक्युरिटी चेकचा अनुभव कसा वाटला. मागच्या आठवड्यात मी त्याच्यासमोर एका हातात बेल्ट आणि दुसऱ्या हातात बूट घेऊन उभा होतो आणि मला खरंच कळेना कुठलं बटण दाबू. कारण प्रश्न काय, तर कसं वाटलं. त्या चेकमधून कुणी खरोखर सुरक्षित झालं का हे मला कळायला काही मार्ग नाही आणि मशीनलाही ते विचारायचं नाहीये. माझ्या पुढचं एक पोरगं चारही बटणं धडाधड दाबून पळालं, त्या तासाचा डेटा बहुतेक तेवढाच. मी काहीच दाबलं नाही. चार चेहऱ्यांत मावत नव्हतं म्हणून इथे लिहितोय, लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधीच सांगतो, मी कुणी एक्स्पर्ट नाही. कामामुळे महिन्यातून एक-दोनदा विमान असतं, एवढाच अधिकार. कुठल्या एअरपोर्टवर काय झालं ते मुद्दाम लिहीत नाहीये, कारण सगळीकडे उन्नीस-बीस तेच होतं आणि तिथे उभ्या असलेल्या माणसांवर माझा राग अजिबात नाही. दिवसभर लोकांच्या बॅगांचे नारंगी-हिरवे-निळे एक्सरे बघत बसायचं, त्यात हजारो बॅगांत काहीच नसतं आणि तरी पुढच्या बॅगेत असेल असं समजून डोळे ताणायचे, हे काम मला अर्धा तास जमणार नाही. तक्रार आहे ती सर्व्हिसच्या डिझाइनबद्दल.

तर अनुभव. माझी टूथपेस्ट पकडली गेली. त्या बाईंनी ग्लोव्ह्जच्या दोन बोटांत ट्यूब धरून वर केली, खालून गुंडाळत गुंडाळत गळ्यापर्यंत आणलेली, म्हणजे आंधळ्यालाही कळेल की आत जेमतेम आठवड्याचा माल आहे. म्हणाल्या, "यावर १५० लिहिलंय सर, १०० मिलीच्या वर चालत नाही." म्हटलं अहो पण संपत आलीये ना मॅडम, बघा तरी. तर म्हणाल्या, "नियम ट्यूबच्या साइझचा आहे, आतल्या पेस्टचा नाही," आणि शेजारच्या ड्रममध्ये ठप्पकन टाकली. त्या ड्रममध्ये आधीच शे-दीडशे बाटल्या, शाम्पू, कसली कसली जेल पडलेली, आणि ड्रम कुठे तर रांगेला खेटून, जिथे सगळ्यात जास्त गर्दी. म्हणजे यातली एक जरी बाटली स्फोटक असेल असं कुणाला मनापासून वाटत असतं तर ती अशी फेकली असती का हो? त्या बाईंनाही माहीत, मलाही माहीत, मागे उभ्या असलेल्या आजोबांनाही माहीत की ती टूथपेस्ट आहे. तरी तिघांनी मिळून तो कार्यक्रम गंभीर चेहऱ्याने पार पाडला.

आता खरी गंमत ऐका. हॉटेलवर पोचून बॅग रिकामी केली तर आतल्या चोरकप्प्यात माझी घडीची छोटी सुरी. ट्रेकला नेली होती, तिथेच राहिलेली. हिशोब केला तर ती माझ्याबरोबर चार विमानं फिरून आली होती. चार वेळा स्कॅनर. टूथपेस्ट सापडली, सुरी नाही. घाम फुटला हो मला, कारण सापडली असती तर मी काय सांगणार होतो!

हे माझ्या एकट्याचं नशीब असंही नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत त्यांच्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्याच माणसांनी प्रवासी बनून नकली बॉम्ब आणि हत्यारं आत न्यायचा प्रयत्न केला होता, ७० पैकी ६७ वेळा ती आत गेली. आकडा बातम्यांत फुटला आणि टीएसएच्या, म्हणजे तिथे एअरपोर्टवर चेक करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, हंगामी प्रमुखाची उचलबांगडी झाली. परीक्षेत ७० पैकी ३ मार्क! आणि तरी त्या काळात तिकडे रोज काही विमानं पडत नव्हती. याचा अर्थ नीट लावायला पाहिजे, कारण लोक लगेच म्हणतात बघा, सगळं बोगस आहे, बंद करा. तसं नाही. अर्थ एवढाच की विमानं पडत नाहीत त्याचं सगळं श्रेय ट्रे आणि स्कॅनरला देता येत नाही. बॉम्ब घेऊन चढणारी माणसंच मुळात फार फार कमी आहेत, आणि जी आहेत ती बहुतेक वेळा दुसरीकडेच अडवली जातात.

हे बघा ना. २२ डिसेंबर २००१, पॅरिसहून मायामीला जाणारं विमान, रिचर्ड रीड नावाचा माणूस बुटातल्या स्फोटकाची वात काडीने पेटवायला बघतो. पकडला कुणी? एअर होस्टेस आणि प्रवाशांनी, पट्ट्यांनी बांधून ठेवला. ऑगस्ट २००६, लंडनहून सुटणाऱ्या विमानांमध्ये कोल्ड्रिंकच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं न्यायचा कट. तो फुटला पोलिस आणि गुप्तचरांच्या पाळतीमुळे, माणसं एअरपोर्टपर्यंत पोचलीच नाहीत. २००९ चा ख्रिसमस, ॲमस्टरडॅम ते डेट्रॉइट, अंडरवेअरमध्ये स्फोटक शिवून आलेला नायजेरियन मुलगा. परत प्रवाशांनीच धरला. आणि यातलं सगळ्यात चटका लावणारं म्हणजे त्याच्या बापाने महिनाभर आधी स्वतः अमेरिकेच्या वकिलातीत जाऊन सांगितलं होतं की माझ्या पोराची लक्षणं बरी दिसत नाहीत. स्वतःच्या पोराबद्दल असं जाऊन सांगायला काय काळीज लागत असेल! ती माहिती आली, नोंदलीही गेली, आणि ढिगाऱ्यात पडून राहिली. तरी त्याच्यावर उपाय काय केला, तर जगभर बॉडी स्कॅनर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

बुटातून आला, बूट काढा. बाटलीतून येणार होता, १०० मिलीच्या वर बाटली नको. अंडरवेअरमधून आला, आता हात वर करून काचेच्या खोक्यात उभे राहा. मागच्या वेळी चोर ज्या खिडकीतून आला तिला दर वर्षी नवीन कुलूप. आणि एकदा लागलेलं कुलूप निघत नाही. अमेरिकेत सरसकट सगळ्यांना बूट काढायला लावायचा नियम २००६ ला आला तो जुलै २०२५ मध्ये उठला. एकोणीस वर्षं! तेव्हा कडेवर नेलेलं बाळ आता कॉलेजात गेलं. बरं, या एकोणीस वर्षांत कित्येक देश बूट काढायला न लावताच माणसं चढवत होते आणि तिथली विमानंही नीट उतरत होती, म्हणजे तुलना करायला उदाहरण समोर होतं, फक्त तिकडे बघायचं नव्हतं.

न निघण्याचं कारण मला समजतं, खोटं कशाला बोलू. समजा मी त्या खुर्चीत आहे आणि उद्या बुटांचा नियम काढला. काहीच झालं नाही तर माझं अभिनंदन करायला कुणी येणार नाही. पण दहा वर्षांनी कधीतरी कुणी बुटातून काही आणलं तर माझा फोटो पहिल्या पानावर. कोण सही करेल? मी तरी नसती केली. नियम लावणाऱ्याला खर्च शून्य, आणि करोडो लोकांची दहा-दहा मिनिटं कुणाच्याच वहीत लिहिली जात नाहीत.

आता चांगलं काय ते सांगतो, कारण नुसतं रडगाणं गाणारे रिव्ह्यू मलाही आवडत नाहीत.

या सर्व्हिसमधल्या दोन गोष्टी मला मनापासून पटतात आणि गंमत म्हणजे दोन्ही दिसत नाहीत. पहिली, बॅग तुमची असेल आणि तुम्ही चढला नाहीत तर ती खाली उतरवतात. त्या अनाउन्समेंटला आपण सगळे शिव्या घालतो, कोण हा महाभाग, याच्यासाठी अर्धा तास लेट. पण २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क पडलं, ३२९ माणसं गेली, ते अशाच एका बॅगेतल्या बॉम्बमुळे, जिचा मालक विमानात चढलाच नव्हता. डिसेंबर १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर विमान पडलं, परत तेच, मालक नसलेली बॅग, २७० बळी. म्हणून हा नियम. तो कुणाला बूट काढायला लावत नाही, कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, कुणाला आडनाव विचारत नाही, फक्त यादीशी यादी जुळवतो. पाच स्टार.

दुसरी गोष्ट म्हणजे कॉकपिटचा मजबूत दरवाजा, ११ सप्टेंबर २००१ नंतर आलेला. जॉन म्युलर आणि मार्क स्ट्युअर्ट म्हणून दोन अभ्यासक आहेत, त्यांनी २००८ मध्ये अमेरिकेपुरता चक्क हिशोब मांडला की एक जीव वाचवायला कुठल्या उपायात किती पैसे जातात. दरवाज्याचं उत्तर आलं साधारण ८ लाख डॉलर, आणि विमानात साध्या कपड्यांत बसणाऱ्या सशस्त्र मार्शलचं १८ कोटी डॉलर. अंदाजच आहेत हे, इकडे तिकडे होतील, पण दोनशे पटींचा फरक आहे राव, कितीही ताणला तरी बुजणार नाही. जीवाची किंमत काढता काय म्हणून चिडणारे भेटतात, त्यांना माझं म्हणणं, तुम्ही नाही काढलीत तरी बजेट बनवणारा काढतोच, फक्त न सांगता. पैशाचा डबा एकच आहे, मार्शलवर गेलेला रुपया ॲम्ब्युलन्सवर जात नाही.

दरवाज्यालाही एक काळी बाजू आहे. मार्च २०१५ ला जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या को-पायलटने कॅप्टन बाहेर गेल्यावर आतून दार लावून घेतलं आणि विमान आल्प्सच्या डोंगरावर घातलं, १५० माणसं. बाहेरच्यापासून वाचवणारं दार आतल्याच्या हाती गेलं. म्हणून साडेचार स्टार, अर्धा कापतोय जड मनाने.

मग इतकं कळत असूनही मी दर वेळी मुकाट्याने बूट का काढतो? कारण मला भीती वाटते. इथे जरा थांबतो, कारण या विषयावर लिहिणारे हुशार लोक इथेच सटकतात, भीतीला हसून मोकळे होतात. ते आकडे मलाही पाठ आहेत. जगात रस्त्यावर वर्षाला साधारण ११ लाख ९० हजार माणसं मरतात, डब्ल्यूएचओचा आकडा, आणि दहशतवादातले बळी अगदी वाईट वर्षातही पन्नास हजारांच्या आत राहिलेत, त्यातलेही बहुतेक मोजक्याच युद्धग्रस्त देशांतले. २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेतल्या बऱ्याच लोकांनी विमान सोडून गाडी काढली, आणि गेर्ड गिगेरेन्झर या मानसशास्त्रज्ञाच्या अंदाजाने पुढच्या वर्षभरात त्यापायी सुमारे १५०० माणसं रस्त्यावर जास्तीची गेली. भीतीने मारलेली, बॉम्बने नव्हे. त्यांची नावं कुठल्या स्मारकावर नाहीत. पण आकडा डोक्यात असला तरी पोटात गोळा यायचा थांबत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गेटवर बसलोय, समोरच्या खुर्चीवर एक करडी सॅक, पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, कुणी वाली नाही. मी आधी पुस्तकात डोकं घातलं, मग एकच ओळ चार वेळा वाचली. सॅकची एक चेन अर्धी उघडी होती आणि आतून काळी वायर लोंबत होती, चार्जरची असणार, पण त्या क्षणी ती फक्त वायर होती. मग मी नकळत माणसं बघायला लागलो. आणि नजर कुठे जाऊन थांबली, तर लांब दाढी, डोक्यावर टोपी, कपाळावर घाम असलेल्या एका माणसावर. मघाशी तो त्या खुर्चीपाशी उभा होता हे मला एकदम "आठवलं". तो उठला आणि भराभर चालत निघून गेला. झालं. माझी केस पूर्ण, निकालही लागला. उठून बायकोला फोन लावला, काय बोलावं सुचेना, जेवलीस का विचारलं.

तीन मिनिटांनी तो परत आला, सोबत दोन सिक्युरिटीवाले घेऊन. सॅककडे बोट दाखवून तोच त्यांना सांगत होता की ही कधीपासून इथे पडलीये. त्या सगळ्या गेटवर, मी धरून शंभर-सव्वाशे माणसांत, उठून सांगायला गेलेला तो एकटा. जागा मोकळी करायला लावली, दोरी बांधली, आणि तेवढ्यात एक कॉलेजचा मुलगा लांबच्या चार्जिंग पॉइंटकडून ओरडत पळत आला, माझी आहे माझी आहे. सॅकमधून डबा निघाला आणि दोन जाड पुस्तकं. सगळे हसले. मी नाही हसलो, मी चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन बसलो होतो, मनातल्या मनात का होईना. जाऊन सॉरी म्हणावंसं वाटलं, पण कशाबद्दल म्हणून सांगणार त्याला?

सर्व्हिसच्या दृष्टीने बघा, त्या दिवशी काम केलं ते एका जागरूक माणसाने आणि शांत डोक्याच्या दोन गार्डांनी. त्यांनी आरडाओरडा केला नाही, विमानतळ रिकामा केला नाही, जेवढी शंका तेवढीच दोरी बांधली. प्रमाणात म्हणतात ते हेच. आणि माझ्यासारख्यांच्या नजरेवर पॉलिसी बेतली तर काय होतं? तो दाढीवाला माणूस दर प्रवासात बाजूला काढला जातो, आणि मग पुढच्या वेळी बेवारस सॅक दिसली तर तो सांगायला उठेल का? मी त्याच्या जागी असतो तर नसतो उठलो.

श्नायर नावाच्या एका सुरक्षातज्ज्ञाने या दिखाऊ उपायांना सिक्युरिटी थिएटर म्हटलंय, आणि शब्द फिट आहे. पण थोडंसं नाटक मला चालतं, हे कबूल करतो. त्या सॅकनंतरच्या प्रवासात स्कॅनर आणि वर्दीवाले बघून मला खरंच बरं वाटलं, झोप लागली विमानात. प्रश्न येतो तेव्हा, जेव्हा नाटकाचं तिकीट खऱ्या कामाच्या पैशातून फाडलं जातं किंवा नाटकालाच खरं समजलं जातं. त्याचा सगळ्यात भयानक नमुना म्हणजे तो एडीई ६५१. हातात धरायचं पिस्तुलासारखं मूठ असलेलं यंत्र, वर एक फिरती अँटेना, म्हणे बॉम्बकडे वळते. आत काहीच नाही, बॅटरीसुद्धा नाही. गोल्फचा हरवलेला बॉल शोधायचं गंमत-खेळणं होतं, त्याच्यावरून बनवलेलं. इराकमधल्या चेकपोस्टवर वर्षानुवर्षं सैनिक ते हलवत गाड्या सोडत होते, करोडो डॉलर मोजून घेतलेलं, आणि बॉम्ब भरलेल्या गाड्या आत जात होत्या. विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. या प्रॉडक्टला शून्य स्टार देता येत नाहीत म्हणून एक, असं लोक लिहितात ना, तसलं.

त्याच्यापेक्षा निरुपद्रवी म्हणजे अमेरिकेचा तो रंगांचा तक्ता, २००२ ते २०११. धोक्याचे पाच रंग, हिरव्यापासून लालपर्यंत. नऊ वर्षांत तो खालच्या दोन रंगांवर, म्हणजे हिरव्या-निळ्यावर, एकदाही उतरला नाही. जवळपास कायम पिवळा नाहीतर नारंगी. घरातला स्मोक अलार्म नऊ वर्षं वाजत राहिला तर माणूस तो काढून कपाटात ठेवतो, तेच झालं. लोकांनी काय करायचं हे त्या रंगात कुठेच नव्हतं, फक्त घाबरा.

आणि काउंटरच्या मागचा भाग, जो गिऱ्हाइकाला दाखवतच नाहीत. २०१३ मध्ये बाहेर आलं की अमेरिकेत सरकारकडून करोडो लोकांच्या फोनची नोंद, कोणी कोणाला किती वाजता लावला, घाऊक गोळा होत होती. जानेवारी २०१४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या स्वतंत्र मंडळाने कागद तपासून सांगितलं की देशाला असलेल्या धोक्याच्या तपासात या नोंदींमुळे ठोस फरक पडला असं एकही प्रकरण सापडलं नाही. एकही नाही. पण ती योजना ज्या कायद्यावर उभी होती त्या कलमाला मुदत होती, २०१५ ला ती संपत आली आणि पुन्हा चर्चा करावीच लागली, त्यात घाऊक गोळा करणं बंद झालं. दुधाच्या पिशवीवर असते तशी तारीख होती म्हणून सुटलं. टूथपेस्टच्या नियमावर तशी तारीख असती तर? दर तीन वर्षांनी कुणीतरी उभं राहून सांगायचं की हा अजून का पाहिजे, त्याला खर्च किती आणि त्याने अडवलं काय. नाही सांगता आलं तर आपोआप रद्द, मग सही करायला घाबरणाऱ्यालाही सोपं. नवीन सीटी स्कॅनर आलेत तिथे लॅपटॉप बाहेर काढावा लागत नाही, काही ठिकाणी मोठ्या बाटल्याही चालायला लागल्यात, म्हणजे हलतंय, पण मुंगीच्या पावलाने.

तर मार्क. बॅग-माणूस जुळवणी पाच. दरवाजा साडेचार. गेटवरचे ते दोन गार्ड पाच, आणि तो दाढीवाला माणूस, तो सर्व्हिसचा भाग नाही पण त्यालाही पाच. टूथपेस्ट दीड, बूट एक. माझी सुरी चार वेळा सोडल्याबद्दल उणे करता आले तर करा. काढा सरासरी, तीनच्या आसपास येईल.

जाता जाता, त्या चेहऱ्यांच्या मशीनपाशी मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो होतो त्या दिवशी. बूट घालायच्या बाकड्यावर माझी बॅग मागेच राहिलेली, हे वळल्यावर लक्षात आलं. शेजारी बसलेली बाई उठून तीन बाकडी पलीकडे जाऊन बसली होती, पोराला मांडीवर घट्ट धरून, आणि एकदा बॅगेकडे, एकदा आजूबाजूच्या माणसांकडे बघत होती. मी बूट हातात तसेच धरून लांबूनच म्हटलं, माझी आहे, माझी आहे. ती कसनुशी हसली. परत जागेवर मात्र आली नाही.